चौथं हँडल

नाय नाय, महिपतीकाका, बसा तुम्ही — बसा हो — आणि तो स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा. मी चुकून बोलले. तुमच्या संडासातून बाहेर आले, दार ओढायला हात घातला आणि तोंडातून निघून गेलं, 'अगंबाई, हे तर आमचं हँडल!' — निघून गेलं, झालं. ऐकलं नाही असं समजा. समजता येत नाय? बरं, ऐकलंत तर ऐकलंत, पण लगेच सोडवायला धावू नका. आणि हळू बोला. ते तिकडे आहेत, भिंतीपाशी, त्या कलंडलेल्या टेम्पोखाली — पाय दिसतायत ना? तेच. हजार पायांत ओळखेन मी ते. लग्न झाल्यापासून चेहऱ्याहून जास्त त्यांचे पायच पाहिलेत, कायम कशाच्या तरी खालून बाहेर आलेले.

असे काय बघताय? बोलता येतं मला. मागच्या खेपेला तुम्ही त्यांना बाजूला घेऊन विचारलंत — 'बाईंना वाचा हाय ना?' — ऐकलं होतं मी, त्या रिक्षाच्या सीटवर बसून सगळं ऐकलं होतं. घरी बोलत नाय ते वेगळं. घरी मी हसते. हसलं की भागतं. सासूबाई सगळ्यांना सांगतात, 'गरीब आहे हो आमची ईरा,' आणि मी तिथंच उभी असते, गरिबासारखी. तर ते असो. मुद्दा हँडलचा आहे. तुमच्या संडासाच्या दाराला जे हँडल आहे ना, ज्याला तुम्ही कडी म्हणता, ते डुक्कर फियाटच्या मागच्या डाव्या दाराचं आहे. खात्री? काका, लोकांच्या मोबाईलवर लग्नाचा फोटो असतो, आमच्या ह्यांच्या मोबाईलवर हँडलचा आहे. उजव्या दाराच्या. त्याचा डावा भाऊ शोधत आम्ही दर रविवारी पेणहून निघतो — वडखळ, गडब, नागोठणं, जिथं भंगार दिसेल तिथं उतरत उतरत रोह्यापर्यंत. आणि प्रत्येक वेळी तुमच्यासमोर उभं राहून ते विचारतात, 'फियाटचं हँडल आलं का?' आणि तुम्ही म्हणता, 'नाय आलं, साहेब.' तुमची काय चूक? माणूस संडासात जातो तो काय गाडीचे पार्ट बघायला जातो?

त्यांनी बघितलं कसं नाय म्हणता? अहो, पुरुष कशाला जातील तिथं! पुरुषांना भिंत पुरते. म्हणून सांगते, हे मला एकटीला सापडलंय, आणि माझी विनंती एवढीच आहे की ते सापडू नये.

आता कसं सांगू — थांबा, पहिल्यापासून सांगते, पण एक डोळा त्या पायांवर ठेवा. फियाट आजेसासऱ्यांची. आमच्या सासऱ्यांना ती चालू करायचीय, म्हणजे करायचीच. शाळेत भूगोल शिकवायचे ते, सगळं जग पाठ, आणि स्वतः पनवेलच्या पलीकडे गेले की त्यांना मळमळतं. तर ती गाडी अंगणात उभी. बोनेटवर सासूबाई पोह्याचे पापड वाळत घालतात — पत्रा तापतो, पापड छान वाळतात, तशी उपयोगाची आहे गाडी. मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं. काय आवाज! शेजारची मांजर गेली ती अजून परत नाय. काचा मिळाल्या, दिवे मिळाले. कार्बुरेटर तर आमच्या पलंगाखाली ठेवला होता — नव्या नवरीच्या पलंगाखाली, काका! — खोलीभर पेट्रोलचा वास. मला आता मोगऱ्याचा वास आला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तर सगळं मिळालं, राहिलं हे एक हँडल. आणि नेमक्या त्या दाराशी सासूबाई बसणार. मिस्त्री म्हणाला, 'तोवर सुतळीनं बांधून देतो,' तर सासूबाई म्हणाल्या, 'मी शेळी आहे का?' झालं. हँडल लागल्याशिवाय गाडी अंगणातून हलणार नाय, असं घरात ठरलं.

नवीन बनवलं का नाय म्हणता? बनवलं ना! हमरापूरला बनवलं, गणपती करतात त्यांच्याकडे. उजव्या हँडलचा साचा काढला, प्लास्टर ओतलं, रंगवलं. हुबेहूब हो! फक्त त्या रंगवणाऱ्यानं हाताच्या सवयीनं त्याला सोनेरी काठ काढला आणि टोकाशी बारीकसं कमळ. सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं दार ओढलं — दार तिथंच, हँडल हातात. आता ते टाकायचं कुठं? आत्याबाई, सासऱ्यांची बहीण, आमच्याकडेच असतात, त्या म्हणाल्या, 'कचऱ्यात नको हं, हमरापूरचं आहे, विसर्जन करा.' केलं विसर्जन. बादलीत. सासऱ्यांनी टोपीसुद्धा घातली होती.

हसताय? हसा, पण पायांकडे बघा. हलले का? नाय ना? बरं.

तर तुम्ही विचाराल, बाई, एवढं सगळं झाल्यावर हँडल मिळतंय तर तुला काय दुखतंय? — विचारत नाय तुम्ही, पण तोंडावर दिसतंय. तर ऐका. आमचं घर तीन खोल्यांचं. सासू-सासरे, आत्याबाई, आम्ही. आमच्या खोलीत कपाट आहे आणि त्या कपाटात सगळ्यांचं सगळं आहे. आत्याबाईंची शाल, सासऱ्यांचं ब्लडप्रेशरचं मशीन, सासूबाईंची दिवाळीची भांडी. सासरे फार सज्जन, टकटक केल्याशिवाय येत नाहीत — टकटक करतात आणि येतात. एकदा हे मला काहीतरी सांगत होते — चांगलं काहीतरी असावं, चेहरा तसा झाला होता — तेवढ्यात टकटक, 'जरा प्रेशर बघतो.' बसले पलंगावर, आमच्या मध्ये. आम्ही दोघं त्या आकड्यांकडे बघत. काय सांगणार होते ते राहूनच गेलं. आणि रविवारी 'आम्ही जरा फिरून येतो' म्हटलं की आत्याबाई चपला घालून दारात उभ्या! त्यांचं मन मोठं आहे, त्यांना वाटतं दोघंच गेले तर आम्ही कंटाळू. पण 'भंगारात जाऊन येतो' म्हटलं ना, काका, की कुण्णी येत नाय. कुणीसुद्धा! उलट डबा भरून देतात.

आणि बाईकवर दोघंच बसतात. बाईकमध्ये दुसरा काय गुण आहे मला माहीत नाय, पण हा एक फार मोठा आहे. वडखळचा नाका सोडला की बाईकवर, दोघंच असताना, मी त्यांना पुष्कर म्हणते. अरे-तुरे करते. परत येताना नाका आला की पुन्हा अहो — ते सांगत नाहीत, मी सांगत नाय, पण नाका आला की दोघांची पाठ आपोआप ताठ होते. हेल्मेटमधून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. नागोठण्याच्या अलीकडे एकदा मी ओरडून सांगितलं — काय सांगितलं ते राहू द्या — बरं, सांगते — म्हटलं, 'पुष्कर, तू मला आवडतोस!' तर म्हणाले, 'कायऽऽ?' मी पुन्हा ओरडले. तर म्हणाले, 'मागे ट्रक आहे, नंतर सांग!' नंतर म्हणजे कधी? घरी? प्रेशर बघताना?

गडबला ती पुतळीमावशी आहे, टायरवाली. ती काय करते, मला हाक मारते, 'नाव घे गो, त्याशिवाय आत सोडणार नाय.' प्रत्येक रविवारी नवीन नाव! लग्नात घेतलं नसेल एवढ्या वेळा मी त्या टायरांत उभी राहून नाव घेतलंय. परवाचं ऐका — 'फियाटला दारं चार, हँडलं मिळाली तीन, पुष्करचं नाव घेते, चौथं मिळेस्तोवर मी नवीन.' मावशी हसली, हे लाजले, म्हणजे कान लाल झाले, आणि मला आपली अशी धडकी भरली. कारण खरंच आहे ना हो ते! चौथं मिळालं की संपलं. गाडीत कोण कुठं बसणार हे ठरलंय, काका. चालवणार हे, शेजारी सासरे, मागे डाव्या दाराशी सासूबाई, उजव्या दाराशी आत्याबाई, आणि मध्ये मी. का मध्ये? तर मी बारीक आहे आणि नवीन आहे. मांडीवर पापडाचा डबा. दर रविवारी सगळ्यांनी पालीला जायचं, नाहीतर अलिबागला. मला त्यांचं काय दिसणार? मानेचा मागचा भाग आणि आरशात एक डोळा. आणि त्या डोळ्यात सासूबाई पण बघणार.

नाय, माणसं चांगली आहेत हो, वाईट असती तर सोपं होतं. पण मला अजून ह्यांची ओळख व्हायचीय. पोहे देऊन झालेलं लग्न आमचं, दोन वेळा भेटून 'हो' म्हटलेलं. आता इतके रविवार झाले, तरी मला एक गोष्ट माहीत नाय — ते हँडलसाठी मला बरोबर आणतात, का माझ्यासाठी हँडल शोधतात? विचारायचं? कसं विचारणार? विचारलं आणि ते म्हणाले, 'हँडलसाठी' — तर मग परतीच्या वाटेवर मी धरू कुठं? म्हणून म्हणते, राहू दे ते तिथं. तुमच्या दाराला शोभतंय. खोटं बोलायला कुठं सांगते तुम्हाला? ते विचारणार, 'हँडल आलं का?' तुम्ही म्हणायचं, 'नाय आलं.' खरंच आहे की! आलं नाय, ते आधीपासूनच आहे. देवाशपथ घ्या पाहिजे तर.

पाय गेले! काका, पाय — पाय आत गेले म्हणजे डोकं पलीकडून निघालं. आले. तुम्ही वायर गुंडाळा, ती घ्या वायर. माझ्याकडे बघू नका.

— अहो, झालं? काय म्हणता? कुठं जायचंय? — तिकडे नको. घाण आहे फार. तिकडे भिंतीमागे जा ना — बायका? कसल्या बायका? वालाच्या शेंगा तोडतायत? सगळ्या एकदम कशा तोडतायत! — बरं. बरं, जा मग. नाय, मला काय होतंय, मला काय नाय होत. जा.

गेले. वडखळला उसाचा रस दोनदा प्यायले, मी म्हणत होते, एक पुरे. पोचले. हात घातला, काका, हात घातला दाराला! उघडलं. आत गेले. अंधार आहे ना आत? अंधार असून काय उपयोग, हा माणूस पानात भाजी कुठली वाढलीय ते सांगणार नाय, पण डोळे मिटून बोल्ट चाचपला तर कुठल्या गाडीचा ते सांगेल. त्या हँडलला मागून एक खाच आहे, अंगठा बरोबर तिथं बसतो, मलाच कळलं तर त्यांना कळणार नाय? गेलं. काका, गेलं माझं सगळं पालीला. मांडीवर डबा घेऊन.

एवढा वेळ का लागतोय? ... आले बाहेर. दार लावलं. पण पाठमोरेच उभे आहेत. काय करतायत हो? कोपर हलतंय. खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असतो त्यांच्या — लग्नात शेरवानीच्या खिशात होता! काढतायत. काढतायत, काका. तुम्ही काय बोलू नका. काढू द्या. त्यांचंच आहे ते. माझं काय, मी मध्ये बसेन.

— हो? झालं? काय झालं? ... नाय मिळालं? ... नीट बघितलं ना सगळीकडे? ... हो का. ... पुढच्या रविवारी? येऊ की. डबा पोह्यांचा आणू का थालीपीठ? ... बरं, तुम्ही बाईक काढा, मी पाणी पिऊन आले.

हात रिकामे होते. बघितलेत ना तुम्ही? दोन्ही हात. थांबा, थांबा तुम्ही इथंच, मी दार बघून येते.

काका. ओ काका, इकडे या. हे धरून बघा. मघाशी मी धरलं तेव्हा खडखडत होतं ना, एक स्क्रू लोंबत होता? आता हलवा. हलतंय? नाय हलत. चारही स्क्रू आवळलेत हो — आणि हा वरचा तर तुमचा नाहीच, हा नवा घातलाय, त्यांच्या खिशातला.

नाय, बोलू नका काही. मी पण काय — नाय. हॉर्न वाजवतायत. येते मी.