जोर लावा, आजोबा

सांगतो, सांगतो — जो येतो तो हेच विचारतो, हात कसा मोडला. जसा काही मी हौसेने मोडून घेतला! बसा तिथे, तुमचा नंबर माझ्यानंतर. आणि या यंत्राला भिऊ नका, बाई. हात पट्ट्यांनी बांधतात, पडद्यावर झाड दिसतं, आपण हात उचलून फळ तोडायचं. नाही उचलला तर यंत्रच उचलतं. आपण जोर लावला की दिवा हिरवा, यंत्राने लावला की लाल. माझा? लालच असतो. ही व्यायाम घेणारी पोरगी रोज ओरडते, "जोर लावा, आजोबा, हाड कधीच जुळलंय!" मी म्हणतो, दुखतंय मला, तुला काय कळतंय?

तर — रंगारी मी. जन्म शिडीवर काढला, कधी पाय घसरला नाही. आणि पडलो कुठून? स्वतःच्या घराच्या, तळमजल्याच्या खिडकीतून! हसा, हसा. खिडकीतून का? दाराला बाहेरून कुलूप होतं म्हणून. घरचे कामावर जाताना लावून जायचे — म्हातारा कुठे पडलाबिडला तर? काळजी हो! कोपऱ्यावर चार माणसांत उभं राहावं, एवढंच मागणं माझं. दिवसभर मी आणि तो घरघरणारा फ्रीज. एकदा म्हटलं, बास. खुर्चीवर चढलो, चौकट धरली, हा असा हात वर नेला — असा — आणि पाय बाहेर टाकला...

काय? हिरवा? कुठे हिरवा? बघू नका हो तिकडे! दिवा बिघडला असेल. — बरं, तुमच्यापासून काय लपवायचं? उचलतो हात. कधीचाच उचलतो. पण हात बरा झाला की इथलं येणं बंद, आणि येणं बंद की परत ते कुलूप. इथे तासभर बांधतात खरं, पण दार उघडं असतं, माणूस माणसाशी बोलतं.

आली बघा पोरगी. दिसलंच तिला. लाव, लाव घरी फोन! सांग, म्हाताऱ्याचा हात धडधाकट झाला, घेऊन जा. पण मी हलणार नाही या दवाखान्यातून, आधी समोर उभं राहून 'बाबा, चुकलं' म्हणायला सांग. — उठा बाई, तुमचा नंबर आला. काय? चुकलं म्हणायचं ते सुनेनं? छे हो, ती बिचारी मी पडलो तेव्हाच माफी मागून, रडून मोकळी झाली. चुकलं म्हणायचा राहिलाय तो माझा थोरला.