गोधडीखालची गाडी

मिनियापोलिसच्या गॅरेजात मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक मराठी बापलेक होते.

“बाबा, गोठलेल्या काचेवर कढत पाणी कोण ओततं? तडकणारच ना!”

“बर्फ निघेना रे. आयुष्यभर स्कूटर रोज सकाळी पुसली मी. म्हटलं, तू ऑफिसातून येईपर्यंत गाडी लख्ख करून ठेवू.”

“पण कव्हर काढलंतच कशाला? हिवाळ्यात मी ती बाहेरच काढत नाही. इथेही ट्रकवर चढवून आणली.”

“एवढी वाऱ्यासारखी पळणारी गाडी, आणि थंडीभर गोधडीखाली?”

“इथे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने गाडी खालून गंजते. आधीच्या मालकानेही थंडीत कधी काढली नाही, म्हणून तर सेकंडहँड असून इतकी चांगली मिळाली.”

“म्हणजे त्यानेही जपलीच.”

“हो.”

“आता तू पुढच्या माणसासाठी जपतोयस.”

“तसं नाही. उन्हाळ्यात चालवतो ना! तेव्हा बघा कशी पळते.”

“उन्हाळ्यात मी कुठला इथे? व्हिडिओ पाठव.”

मुलगा उठला आणि काउंटरवर काहीतरी सांगून आला. तासाभराने काउंटरवरच्या माणसाने किल्ली पुढे केली.

“नवी काच बसवली. तुम्ही सांगितलेले विंटर टायरही घातले.”

“विंटर टायर? कशाला रे? झाकूनच ठेवणार ना?”

“परवा तुमची फ्लाइट आहे. आज तलावाकाठाने मोठी चक्कर मारू. पुढे बसा.”

“आणि ते मीठ?”

“लागू दे.”