त्रेपन्न होड्या

...नाही, पण मी म्हणते, सातवी ब मध्ये पोरं चौपन्न, बाकं वीस, आणि मला म्हणे संशोधन करा! तुम्हाला सांगते, ठाण्याला ट्रेनिंगला गेलेले, तिथे एक साहेब, आवाज असा तुपातला, "बाऽई, लेखन कार्यशाळा घ्या. मुलांना मनातलं लिहू द्या. चुका काढू नका. काय घडतं ते नोंदवा." अहो, आमच्या डोंबिवलीत पोरांच्या मनात गाइड असतं! 'मनातलं लिहा' म्हटलं, तर सगळे हात वर. "बाई, किती ओळी? बाई, समास सोडायचा? बाई, मनातलं म्हणजे कितवा धडा?" घ्या! करा संशोधन!

दोन महिने नोंद एकच: काही घडलं नाही. आणि एक दिवस शालूने... शालू म्हणजे खाडीवरच्या कोळ्यांची पोर, वर्षभरात तोंडातून शब्द नाही... तिने लिहिलं हो! "बा होडी विकतो आहे. गिऱ्हाईक येणार म्हणून डांबर लावलं. ओल्या डांबरात मी नखाने नाव लिहिलं, शालू. बाला दिसलं. त्याने पुसलं नाही." मला रडूच आलं! वीस वर्षं वह्या तपासतेय, पहिल्यांदा कुणीतरी मला काही सांगत होतं. आणि मी मूर्ख! वर्गात मोठ्याने वाचलं, वर म्हटलं, "बघा, असं लिहायचं!"

झालं! पुढच्या तासाला होड्याच होड्या! गोपीनाथचे वडील विठ्ठलवाडीला पोस्टात, ते होडी विकतायत! हेमा तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्या गॅलरीत ओलं डांबर! आणि सगळ्यांनी, अहो मुलग्यांनीसुद्धा, डांबरात नाव काय लिहिलं? शालू! करा संशोधन!

हेडमास्तर खूश. "वा बाई! अख्खा वर्ग सुधारला! अहवालात घाला!" पण मोजल्या तर होड्या त्रेपन्न. शालूची वही उघडली... 'आमची गाय'. गायीला चार पाय असतात, ती आम्हाला दूध देते...

"अगं शालू, तुझ्याकडे गाय कुठली?"

"गाइडमधली," खाली बघत म्हणाली. "होडी तर सगल्यांनी नेली ना, बाई."

पुन्हा कधी मनातलं काही लिहिलं नाही हो तिने. गाय मात्र चांगली होती, एक चूक नाही. दहापैकी नऊ दिले.