बाल्कनीतले टॉवेल

(बंदरालगतचं छोटं हॉटेल. दुपार. सासरे बाल्कनीतले टॉवेल काढतायत, सून घड्या घालतेय.)

सून : बाराही खोल्यांच्या बाल्कनीत टॉवेल! बाबा, अहो, राहायला एक माणूस नाही आपल्याकडे. हॉटेल बघायला आलेल्या कंपनीच्या त्या बाईंनी एखादं दार वाजवलं असतं म्हणजे?

सासरे : सांगितलं असतं, पाहुणे पोहायला गेलेत.

सून : बाराही खोल्यांतले?

सासरे : उकडतंय किती! अगं, ही तुझ्या सासूची युक्ती. हॉटेल उघडलं त्या वर्षी घरातले सगळे टॉवेल तिने वर वाळत घातले. बॅगा घेऊन फिरणारा माणूस आधी वर बघतो, म्हणायची. कुणीतरी राहतंय म्हटलं की त्याला धीर येतो.

सून : त्या ओले घालायच्या. तुम्ही कपाटातून काढून इस्त्रीच्या घडीसकट टांगलेत. बाई यायच्या आधी धावत जाऊन मी पाणी मारलं सगळ्यांवर.

सासरे : तू? मला वाटलं दव पडलं.

सून : भर उन्हात!

सासरे : म्हणजे तूही सामील.

सून : मग काय करू? बाहेरची कंपनी इथे पैसे घालणार, छप्पर नवं होणार, पाहुणे येणार, आणि तुमचा लेक परदेशातल्या हॉटेलात लोकांच्या चादरी बदलायचं सोडून घरी येणार. त्यासाठी पडदेसुद्धा भिजवले असते. काय म्हणाल्या बाई?

सासरे : हॉटेल आवडलं. जिना फार आवडला. तुझी कॉफी दोनदा घेतली.

सून : बाबा, पुढचं सांगा.

सासरे : म्हणाली, येताना कोपऱ्यावरच्या बँकेपुढे रांग दिसली. इथल्याच लोकांचा इथल्या बँकेवर भरवसा नाही, मग आम्ही कशाच्या जोरावर पैसा आणायचा?

सून : खोटं काय त्यात? आपलं चलन इतकं घसरलंय की बाहेरच्या माणसाला इथे महिनाभर थाटात राहता येईल. तरी फिरकतंय का कुणी? टीव्हीवर त्या रांगा दिसल्या की बुकिंग रद्द.

सासरे : मी म्हटलं, रांगा काय, आज आहेत, उद्या ओसरतील. पटत होतं गं तिला. मग तिने विचारलं, पैसे घातले तर पुढली पाच वर्षं हे चालवणार कोण? घरात तरुण कुणी आहे का?

सून : मी खालीच होते की! माझं नाव सांगितलंत ना?

सासरे : तो कोपऱ्यातला दे इकडे, त्याची घडी चुकली.

सून : बाबा?

सासरे : सांगितलं, माझी सून पुढच्या आठवड्यात नवऱ्याकडे चाललीय.

सून : अहो, तिकीट रद्द करता येतं! कालच म्हटलं होतं तुम्हाला, गरज पडली तर मी थांबते.

सासरे : म्हणालीस. म्हणून तर धास्ती घेतली मी.

सून : बारा टॉवेल टांगताना लाज वाटली नाही, आणि एवढंसं बोलताना जीभ अडली?

सासरे : टॉवेल संध्याकाळच्या आत काढता येतात, पोरी. तुझं नाव दिलं असतं तर तू पाच वर्षं लटकली असतीस. आणि तो काय लगेच येतोय? इथे पाहुणे येईपर्यंत त्याला तिकडून पैसे पाठवावेच लागणार. दीड वर्ष फोनवर संसार करताय. मला तुझं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येतं, आणि फोन ठेवल्यावरचं रडणंही.

सून : ...मग बाई?

सासरे : दिवस पालटले की बघू म्हणाली. जाताना एका टॉवेलला हात लावला, हसली. म्हणाली, पाहुण्यांना माझा नमस्कार सांगा.

सून : कळलं होतं तर त्यांना!

सासरे : तू पाणी जरा जास्तच मारलंस.

सून : हसवू नका. तुम्ही एकटे काय करणार इथे?

सासरे : करीन काहीतरी. रोज एक टॉवेल भिजवून घालीन. तू भिजवलास तसा.

सून : बाबा, जाववत नाही हो मला.

सासरे : ठाऊक आहे. मलाही तुला पाठववत नाही. तरी जायचं. नाक पूस. त्या टॉवेलला नको, तो धुतलेला आहे.

सून : आमची खोली?

सासरे : तशीच राहील. कुणाला देणार नाही.

सून : आणि हॉटेल भरलं तर?

सासरे : मग तुम्हा दोघांना बोलावून घेईन. त्या खोलीतलं तुमचं सामान हलवायला.