माझ्या मागची अँब्युलन्स

हसा, पण आधी ऐका. कारखाना बंद पडला त्याच वर्षी मला टीबी झाला. बरा झालो, तर डॉक्टर छातीचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाले, "काका, जिना चढायचा नाही." मी कालव्याकाठी आधी चालायला लागलो, मग पळायला. हडपसरात लोक विचारायचे, "म्हातारबा, मागं कोण लागलंय?"

मग तिथल्या आयटीवाल्यांनी दहा किलोमीटरची शर्यत ठेवली. शेवटच्या माणसामागं अँब्युलन्स चालणार, असा नियम. शेवटचा मीच.

ड्रायव्हर ओरडला, "आजोबा, बसा की आत! माझा डबा गार झाला."

"टीबीत असल्याच गाडीतून आडवा गेलो होतो. आता पायावर जाणार. तुला घाई असेल तर हो पुढं."

"तुमच्या पुढं जाता येत नाही हो!"

"मग गप मागनं ये."

पुलाखाली एकजण पोटरी धरून बसलेला दिसला. बघतो तर छातीवर शर्यतीचा नंबर लावलेले आमचे डॉक्टर! पायात गोळा आलेला. त्यांना गाडीत घेतलं, आणि मी निघालो पुढं. आता खिडकीतून डॉक्टरच ओरडायला लागले, "काका, दम लागला तर थांबा!" शेवटी शेवटी तर "पळा काका, पळा!"

रेघ ओलांडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागं डॉक्टर लंगडत उतरायला लागले. मी जाऊन दार धरलं.

म्हटलं, "जपून हो डॉक्टर. दोन पायऱ्या आहेत."