राजाच्या टेबलावरची चूक

किती वर्षं म्हणून विचारलंत ना? मग नेमकं सांगते — दोन हजार आठ साल, नोव्हेंबर महिना, हिवाळा नुकता लागलेला. स्वेटर पेटीतून काढून उन्हात घातला होता, तोच चढवून मी पहिल्यांदा या दालनात पाऊल ठेवलं. — अहो, जरा मागे! त्या मखमली दोरीला टेकू नका, ती टेकण्यासाठी नसते. हां, आता बरं. राजेसाहेबांच्या मेजवानीचं टेबल तिथूनही छान दिसतं. राजे गेले, राज्य गेलं, राजवाड्याचं संग्रहालय झालं, पण टेबल आपलं मांडलेलंच — ताटल्या, काटे, सुऱ्या, पेले, घड्या घातलेले रुमाल. जणू पाहुणे शेजारच्या खोलीत हात धुताहेत! आणि त्या दिवशी मी काय पाहिलं? खुद्द राजाच्या उजव्या हाताचा चमचा — तिरका.

आता तुम्ही म्हणाल, तिरका तर तिरका, राजाला कुठे जेवायचंय? अगदी हेच, शब्दशः हेच, इथला रखवालदार मला म्हणाला — याच खुर्चीवर बसून, पाय लांब करून. मी म्हटलं, ‘आधी उभे राहून बोला. मी जुनी मॅट्रिक आहे, उभा जन्म शाळेत शिवण शिकवलंय, माझ्या वर्गात मुली श्वाससुद्धा सरळ रेषेत घेत असत.’ उभा राहिला हं — गुडघा धरून, पण राहिला. म्हणाला, ‘बाई, सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा हे सगळं मी एकटा पुसतो आणि पुन्हा मांडतो. एखादा चमचा हलणारच.’ मी म्हटलं, ‘हलता कामा नये. मी मंगळवारी येऊन बघेन.’ आले. चमचा सरळ — आणि रुमालाची घडी उलटी! त्याच्या पुढच्या मंगळवारी पेला जागा सोडून. मग सुरीची धार भलतीकडे. दर खेपेला एक, एकच चूक, आणि दर खेपेला वेगळ्या ठिकाणी. मला वाटलं, काय हा वेंधळा माणूस! याला कामावर ठेवला तरी कोणी? कोणीतरी लक्ष घालायला नको? म्हणून मी येत राहिले. निव्वळ कर्तव्य म्हणून. — हसण्यासारखं त्यात काही नाही.

एकदा ताप आला, मंगळवार चुकला. पुढच्या मंगळवारी येऊन बघते तर चुका दोन! मागच्या आठवड्याची एक शिल्लक. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? नाही पडला. पडला तो माझ्या सुनेच्या. तिला एकदा राजवाडा दाखवायला आणलं होतं. तिने टेबल पाहिलं, खुर्चीतल्या या गृहस्थांकडे पाहिलं, मग माझ्या कडक इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आई, हा माणूस मुळीच वेंधळा नाही. तुम्हाला यावं लागावं म्हणून चाललंय हे सगळं.’ मी तिला असं फैलावर घेतलं की बिचारी माझ्या आधीच जिना उतरून गेली. आणि घरी गेल्यावर — हे तुम्हाला सांगण्याचं खरं तर काही कारण नाही — घरी गेल्यावर मी आरशासमोर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिले. भांग सरळ आहे ना, एवढंच बघायला. मंगळवारी आले आणि तोंडावर विचारलं, ‘मुद्दाम करता?’ तर म्हणाले, ‘हो.’ बस्स, हो! ना संकोच, ना काही. ‘पहिल्या खेपेला खरंच चुकलं होतं, बाई. पण सगळं सरळ मांडत गेलो असतो तर तुम्ही पुन्हा कशाला आला असता?’

मग मी येणं बंद केलं? छे! मी कशाला बंद करू? चूक त्यांची. — अहो, तिकीट मला कशाला दाखवता? मी इथे नोकरीला नाही. नाही, खरंच नाही! खुर्ची त्यांची आहे, मी नुसती बसले आहे. ते साहेबांच्या खोलीत गेलेत, गणवेश आणि किल्ल्या परत करायला. आज त्यांचा कामाचा शेवटचा दिवस. जाताना मला म्हणाले, ‘तेवढं दालन सांभाळा, आणि मी आलो की उत्तर द्या.’

कशाचं उत्तर? तुम्ही भारीच चौकस आहात हं. — गेल्या मंगळवारी मला म्हणतात कसे, ‘नदीपलीकडे माझ्या दोन खोल्या आहेत, गच्चीत हवं तेवढं ऊन येतं, आपण लग्न करू या.’ समोर राजाचं टेबल, डोक्यावर झुंबर, आणि दाराशी शाळेची सहल रांगेत उभी! मी म्हटलं, ‘ही काय जागा आहे हे बोलायची?’ म्हणाले, ‘याहून थाटाची मला परवडत नाही.’

आता तुम्हीच सांगा. आमचे यजमान गेल्यापासून मी एकटी राहते. टॉवेल घडीत, चपला जोडीने, डब्यांची झाकणं एका दिशेला. अशा घडीत राहणारीने या माणसाबरोबर संसार मांडायचा? हातातला कप जिथे सुचेल तिथे ठेवणार, वर्तमानपत्राची पानं उलटीसुलटी करणार, आणि चष्मा कुठे गेला ते मलाच विचारणार! मुलगा म्हणतो, आई, तुझं तू ठरव. सून आत्ताच पडद्यांच्या रंगाचं विचारतेय. लोक? लोकांना मी भीत नाही, लोकच मला भितात. पण एक सांगू? सकाळी मी जी वस्तू जिथे ठेवते ती संध्याकाळी तिथेच असते. रोज. कोणी हलवत नाही. तुम्हाला वाटतं, हे सुख आहे? — मलाही वाटत असे.

आज आल्या आल्या टेबल पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून कडेने पाहिलं. चूक नाही! इतकं निर्दोष टेबल मी जन्मात पाहिलं नाही. वाटलं, झालं, या माणसाने आशा सोडली. एवढी वर्षं चूक दिसली म्हणून ओरडत आले, आज नाही दिसली तर दोरीच्या कडेने पुन्हा शोधत फिरले. शेवटी धीर करून विचारलंच. तर म्हणाले, ‘आज तुम्हाला दुसरं काम आहे ना, म्हणून हे ठेवलं नाही.’

श्शू — पावलं वाजली. त्यांचीच. अहो, माझ्याकडे असं बघू नका, त्या झुंबराकडे बघा, फार सुरेख आहे. माझा चेहरा लाल झालाय का? — नको, सांगू नका.

आलात? किती हा वेळ! गणवेश काढल्यावर अगदीच वेगळे दिसता. बसा आधी, ही तुमची खुर्ची. — हो. — अहो, तुम्हाला नव्हे, ह्यांना म्हटलं मी! ह्यांनाच म्हटलं, हो. झालं एकदाचं, आज मंगळवारी, भर दिवसा, परक्या माणसासमोर. आता तुम्ही का थांबलात? पुढच्या दालनात राजाच्या तलवारी आहेत, त्या बघा. जा, जा. आणि जाताना दार ओढून घ्या.