भिंगाखालचा हात

नगरच्या एसटी स्टँडवर पाथर्डीच्या रांगेत माझ्यापुढं नवरा-बायको उभे होते. लेक त्यांच्या मध्ये.

"मुलांचं विज्ञानघर नव्या इमारतीत आलंय म्हनून हिला आनलं, आन् तूच भिंगापाशी बसलीस, मनकर्णा."

"पाटीवर 'हात लावा' लिहिलंय, ही म्हनली. म्हनून मी भिंगाला हात लावून कपाळाला लावला. तर ही हसली, आन् माझा हातच भिंगाखाली धरला."

"बघितलं मी."

"बोटावरच्या रेघा न्हवं, वढेच दिसले. आन् मधी उसाचं कुसळ, नांगराच्या फाळाएवढं."

"गेल्या तोडीपासनं दुखतं म्हनत हुतीस, ते?"

"व्हय. तुमी म्हनायचा, कामाचा कंटाळा."

"तुझ्या मागनं मी बी वाकून बघितलं. लई मोठं हुतं."

तिनं हातातली पिशवी दुखऱ्या हातातनं दुसऱ्या हातात घेतली.

"ती पिशवी दे माझ्याकडं."